गुरुवारी परत या

नलूताई वैरागडे सकाळी ऑफिसात आल्या की बर्फाचे बूट दाराशी काढायच्या, टेबलाखाली ठेवलेल्या चपलांच्या अंगठ्यात मोज्यासकट पाय कोंबायच्या आणि कुणाशी एक शब्द न बोलता प्रिंटरपाशी जाऊन उभ्या राहायच्या. प्रिंटरमधून एक यादी यायची. आदल्या दिवशी लोकांनी आमच्या सर्च इंजिनला विचारलेले, पण ज्यांच्यासाठी त्याला एकही पान सापडलं नाही, असे सगळे प्रश्न त्या यादीत असायचे. आम्ही बाकीचे काल किती लोक आले ते बघून खूश व्हायचो. नलूताई किती लोक रिकामे गेले ते बघायच्या.

"आलेल्याला कोणीही मोजते," त्या म्हणायच्या. "दारातून रिकामा गेला तो काय मागत होता, ते पाहा ना."

आमचं सर्च इंजिन म्हणजे मूसट्रॅक. दुर्बीण लावून बघणारा मूस, म्हणजे इथलं अवाढव्य सांबर, हे त्याचं चित्र. आज हे नाव टाइप केलंत तर बुटांचं दुकान उघडतं, पण दोन हजार सालाच्या आसपास कॅनडातल्या एडमंटनमध्ये गाड्यांच्या मागे आमचे मूसचे स्टिकर दिसायचे, यावर माझी मुलगी आजही विश्वास ठेवत नाही. एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक ग्रेग, प्रोग्रामर मी आणि आणखी सात-आठ जण. नलूताई आमच्यात सगळ्यात मोठ्या. नागपूरच्या एका कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या. लग्नानंतर एडमंटनला आल्या, इथल्या लायब्ररीत वर्षानुवर्षं काम केलं, निवृत्त झाल्या, नवरा गेला, आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे वेबसाइटी लावून ठेवायला आल्या. पुस्तकं लावतात तशा.

नागपूरला त्यांच्या काउंटरवर एक वही असायची. जे पुस्तक मिळालं नाही त्याचं नाव विद्यार्थ्याने त्यात लिहायचं. नव्या पुस्तकांचं पार्सल बुधवारी फुटायचं, म्हणून त्या सांगायच्या, "गुरुवारी ये." योगायोगाने आमच्याकडेही नवी पानं बुधवारी दुपारी चढवली जायची. मग नलूताईंनी ग्रेगच्या डोक्यावर बसून आमच्या रिकाम्या पानावर दोनच वाक्यं लिहून घेतली. 'आज सापडलं नाही. गुरुवारी परत या.'

मी हसलो होतो. जगातलं कुठलं मशीन गिऱ्हाइकाला वार सांगतं? पण लोक खरंच परत आले. स्कंक नावाच्या प्राण्याने कुत्र्यावर घाणेरड्या वासाचा फवारा मारला तर काय करायचं, आजीच्या युक्रेनमधल्या गावाचं नाव आता काय आहे, असलं काहीही लोक विचारायचे. नलूताई ते शोधायच्या, फोन फिरवायच्या, कुठेच नसलं तर स्वतः चार ओळींचं पान लिहायच्या. सापडलं की यादीत त्यापुढे पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण. नाही सापडलं तर 'पुन्हा पाहणे'. गावातल्या पेपरात गुरुवारवाल्या मूसची बातमी आली आणि आम्ही चढलो.

उतरणीला लागलो ते कळलंसुद्धा नाही. दक्षिणेकडून, अमेरिकेतून, एक मोठं इंजिन आलं आणि ते सगळं लगेच शोधून द्यायला लागलं. ग्रेगची बायको ते वापरायची. माझी बायको वापरायची. खरं सांगायचं तर मीही वापरायचो, ऑफिसात कुणी बघत नाही हे पाहून. अशात टोरांटोची एक कंपनी आम्हाला विकत घ्यायला तयार झाली. त्यांचं म्हणणं एकच. रिकाम्या पानावर जाहिरात लावता येत नाही. आणि इंजिनाने 'नाही' म्हणावं, हे कुठल्या धंद्यात बसतं?

त्यावर तोड मी काढली. प्रश्नाला नेमकं पान नसलं तर त्यातले दोन-तीन शब्द उचलायचे, त्यांच्याशी जमेल ते दाखवायचं, वर जाहिराती लावायच्या. पान कधीच रिकामं जाणार नाही. टोरांटोची माणसं मंगळवारी अकराला येणार होती. सोमवार लागताच, मध्यरात्रीच, मी ते चालू केलं आणि संध्याकाळी घरी जाऊन श्रीखंडाचा डबा उघडला. बायकोने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, आपल्या नोकरीबद्दल.

मंगळवारी सकाळी प्रिंटरमधून कोरा कागद आला. नलूताईंनी तो उलटा केला, परत सुलटा केला आणि माझ्या टेबलाशी आल्या.

"काऊन रे सुहास, काल कोणीच रिकामं गेलं नाही?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे सापडलं नाही तरी सापडलं म्हणतो आपण."

"तसं नाही हो नलूताई. काहीतरी जवळचं देतो."

"तू पुण्याचा ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला 'माहीत नाही' म्हणायचं जिवावर येते. पत्ता विचारला तर चुकीचा सांगतान, पण सांगतान जरूर."

मग त्यांनी कालपासून आत्तापर्यंत लोकांनी विचारलेल्या सगळ्याच प्रश्नांची यादी मागितली, आणि प्रत्येकाला काय दाखवलं तेही. चाळीसएक पानांचा गठ्ठा निघाला. तो घेऊन त्या गेल्या. मी टोरांटोच्या तयारीला लागलो. बाहेर उणे तीस होतं आणि माझ्या शर्टाला घाम.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी नंतर कळलं. सकाळी आठच्या सुमाराला कुणीतरी फर्नेसबद्दल, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीबद्दल, विचारलं होतं, 'प्लीज, फर्नेसची ज्योत निळी नाही, पिवळी आहे, घरात सगळ्यांचं डोकं दुखतंय, बाळ फार झोपतंय, थँक यू.' त्या काळी लोक असंच टाइप करायचे, पलीकडे माणूस बसलाय असं धरून. सव्वानऊला तोच प्रश्न पुन्हा आला, पुन्हा प्लीज आणि थँक यूसकट. आणि माझ्या नव्या प्रोग्रामने त्यांना दोन्ही वेळा दाखवलं होतं ते असं. फर्नेसचा सेल. डोकेदुखीची गोळी. बाळाचा पलंग, दोन रंगांत.

पिवळी ज्योत म्हणजे काय, हे नलूताईंना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. एडमंटनच्या त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यात बिघडलेल्या फर्नेसमधून सुटलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने त्या आणि त्यांचे यजमान अर्धवट शुद्धीत पडले होते. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाला वाटतं, झोप येतेय. शेजाऱ्याने दार फोडून त्यांना बर्फात ओढून काढलं होतं. तेव्हा दोनदा विचारणारी ही माणसं अजून त्याच घरात बसलेली आहेत, एवढं त्यांना लगेच समजलं. त्यांनी आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईने विचारलं, कुठलं घर? इंटरनेट कंपनीला फोन केला. त्यांनी नऊ मिनिटं गाणं ऐकवलं आणि सांगितलं, उत्तरेकडच्या भागातलं कनेक्शन दिसतंय, पण नाव-पत्ता पोलिसांच्या पत्राशिवाय देता येणार नाही. पोलिसांना फोन केला. ते बघतो म्हणाले.

त्या घरापर्यंत पोचायची एकच वाट उरली होती. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तर उत्तर समोर यायला हवं. नलूताईंनी पान लिहिलं आणि बुधवारची वाट न बघता लगेच चढवलं. 'आत्ता घराबाहेर पडा. सगळे. बाळाला घ्या. मग फोन करा.' पण ते पान वर येईना. माझ्या कृपेने वरची जागा सेलला दिलेली होती.

अकरा वाजून काही मिनिटांनी मीटिंगच्या खोलीचं दार उघडलं. त्या खोलीत नलूताई कधी आलेल्या मला आठवत नाहीत. चपला, मोजे, हातात गठ्ठा. टोरांटोचे दोघं खुर्चीत रेलले होते, ग्रेग उभा होता आणि की-बोर्डवर मी.

"सुहास, कालचं तुझं ते बंद कर," त्या मराठीत म्हणाल्या.

मी ग्रेगकडे बघून ओशाळं हसलो आणि म्हणालो, "नलूताई, दहा मिनिटं फक्त."

त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. बोट ठेवून प्रश्न दाखवला आणि काय झालंय ते चार वाक्यांत सांगितलं. मी वाचलं. मला कळलं. आणि तरीही, हे लिहिताना लाज वाटते, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणालो की यांचं एवढं संपू दे, लगेच करतो. कर्ज होतं, घर नवं होतं, मुलगी तीन वर्षांची होती. माणसाकडे कारणांची कमतरता कधी नसते.

नलूताई गेल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. टोरांटोवाल्यांपैकी एकाने त्यांना खुर्ची देऊ केली, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी पडद्यावर एकेक प्रश्न टाकत होतो, पानं भरभरून येत होती, दोघं माना डोलवत होते. पाठीमागून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या हळूच, जवळजवळ मायेनेच म्हणाल्या, "ते आता तिसऱ्यांदा विचारतीन. आपण त्यांना पलंग दाखवायचा का, बाप्पा?"

मी उठून बाजूच्या मशीनवर गेलो आणि नवं सगळं बंद केलं. चार मिनिटांतच उठलो, असं मी बायकोला अनेक वर्षं सांगत आलो. कागदावरच्या वेळा बघितल्या तर नऊ निघतात.

इकडे ग्रेगने टोरांटोवाल्यांना सांगितलं, काहीही विचारून बघा. त्यांच्यातल्या वरिष्ठाने हौसेने आपल्या तळ्याकाठच्या कॉटेजचं नाव टाकलं. पडद्यावर दुर्बीण लावलेला मूस आला. 'आज सापडलं नाही. गुरुवारी परत या.' तो हसला. ग्रेग हसला नाही.

आम्ही दोघं बाजूच्या मशीनवर येणारे प्रश्न बघत होतो. हॉकीचा स्कोअर. विंटर टायर. कुणाचं तरी राशिभविष्य. नलूताईंनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती. अकरा सत्तावीसला आला. 'प्लीज, पुन्हा तोच फर्नेसचा प्रश्न, थँक यू.' एवढंच होतं. नलूताईंनी पानात फर्नेस हा शब्द सात वेळा लिहून ठेवला होता, त्यामुळे त्यांचं पान पहिलं आलं. पुढच्याच ओळीत दिसलं की ते उघडलं गेलंय.

त्यानंतर त्या घरातून काही आलं नाही. एक तास बघितलं, संध्याकाळपर्यंत बघितलं. बाहेर पळालेला माणूस टाइप करत नाही. आणि न पळालेलाही.

टोरांटोची कंपनी परत आली नाही. ग्रेगने मला काढलं नाही, नलूताईंवर तर चिडलासुद्धा नाही. फक्त नवं ते पुन्हा चालू करू नकोस, एवढं मला म्हणाला. पुढचा महिनाभर नलूताई उत्तरेकडचे पेपर मागवून वाचत होत्या. तसली बातमी कुठे नव्हती. मी म्हटलं, बघा, वाचले ते. त्या म्हणाल्या, "पेपरात नाही, एवढंच तुला माहीत आहे." त्या मंगळवारच्या कागदावर त्यांनी बरोबरची खूण केली नाही. 'पुन्हा पाहणे' लिहिलं आणि तो खणात ठेवला.

त्यानंतर सहा वर्षं मूसट्रॅक विझत विझत चाललं. यादी रोज लहान होत गेली, कारण विचारणारेच कमी होत गेले. त्या मीटिंगमुळे बुडालो का? माझा मेहुणा तसं म्हणतो. मला वाटतं, मोठ्या इंजिनाने आम्हाला कसंही खाल्लंच असतं, फक्त त्याआधी आम्ही बरेच पलंग दाखवले असते. माझ्या घरात मात्र तेव्हापासून प्रत्येक मजल्यावर वायूचा अलार्म आहे, बेसमेंटमध्ये दोन. बॅटरी उतरली की ते सगळे ऐन थंडीत चिवचिवतात आणि बायको म्हणते, तुझ्या नलूताई बोलावतायत.

कंपनी बंद करायच्या आठवड्यात जुने कागद आवरताना मी शेवटच्या यादीवर थबकलो. नलूताईंचे गुडघे तोवर गेले होते, त्या आपल्या फ्लॅटमध्येच असायच्या. मी तो कागद खिशात घालून तसाच गाडी काढून त्यांच्याकडे गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, नलूताई, सापडले. भिंगातून त्यांनी वाचलं. 'प्लीज, सहा वर्षांच्या मुलीला स्केटिंग शिकवताना आधी काय शिकवावं, थँक यू.'

"उत्तरेकडचंच कनेक्शन आहे," मी म्हटलं. "वय जुळतं. बोलायची रीत तीच. तेच आहेत हो."

त्यांनी भिंग पुसून तीच ओळ पुन्हा वाचली. त्यांना ते किती हवं होतं, ते मला दिसत होतं, म्हणूनच तर मी धावत आलो होतो.

"बाळ मुलगी होती, हे आपल्याला ठाऊक होतं काय?"

"नाही."

"प्लीज, थँक यू या देशात कोण म्हणत नाही?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"जवळचं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते नाही. म्हणजे, ते आहे हे आपल्याला माहीत नाही." मग माझा चेहरा बघून हसल्या. "तू आणलं ना इतक्या बर्फातून. चहा घेऊन जा."

दोनेक वर्षांनी, फेब्रुवारीत, त्या गेल्या. सामान आवरायला त्यांची मुलगी आली होती. तिने मला चष्म्याचं घर दिलं, आत एक घडी केलेला कागद होता. तिला मराठी वाचता येत नाही. "सुहासकाका, व्हॉट डझ इट से?" तिने विचारलं. "शी रेड इट एव्हरी वीक."

माझ्या हातात तीच स्केटिंगची ओळ होती. घड्यांवर कागद विरला होता. शेजारी बरोबरची खूण नव्हती. पेन्सिलीने, त्यांच्या काउंटरवरच्या बारीक अक्षरात, दोनच शब्द होते.

पुन्हा पाहणे.