साहेबाचा एक शब्द

तारकर्लीच्या तुळसाचा नवरा होडीसकट गेला, तेव्हापासून तिच्याबद्दल गावात कुजबुज होतीच. तरी रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की ती वाळूत बसे, मासळी निवडी आणि निवडता निवडता गाई. त्या गाण्याला कुणाची हरकत नव्हती.

एकोणीसशे सत्तावन्न साली मुंबईहून एक साहेब किनारा बघायला आला. तिचा आवाज ऐकून तो थबकला, सोबत्याला “बिविचिंग!” म्हणाला आणि निघून गेला.

तुळसाचा धाकटा दीर लवू बोटीवर खलाशी होता. आपल्याला इंग्रजी येतं, असा त्याचा तोरा. लोकांनी अर्थ विचारला, तेव्हा त्याने क्षणभरही न थांबता सांगितलं, “विच म्हणजे चेटकीण. साहेबान वयनीक चेटकीण म्हटल्यान.”

मग टोपलीतले बांगडे तसेच घरी परत येऊ लागले. तुळसा दिसली की शेजारची गोदूबाई नातवाला पदराआड घेई. तुळसाचं चित्त कशात लागेना. जेवता जेवता ती उठे, दारापर्यंत जाई, परत पानावर बसे. लोकांचं एक वेळ तिने सोसलं असतं. पण नवरा होडी लोटून गेला त्या सकाळीही ती गात होती, हे तिला आठवलं आणि तिचाच तिच्यावर भरवसा राहीना.

शेवटी ती चालत मालवणला गेली. तिथे दत्ताराम मास्तर इंग्रजी शिकवत. शाळा सुटेपर्यंत ती आवाराच्या दगडी गडग्याशी उभी राहिली आणि मास्तर आल्यावर तो शब्द त्यांना जमेल तसा म्हणून दाखवला.

शब्द चेटकावरूनच आलाय, हे मास्तरांनी लपवलं नाही. पण इंग्रज तो कौतुकाने वापरतो, म्हणाले. हसू, डोळे, आवाज, ज्यात मन अडकतं त्याला लावतो. आपण ‘पोरीनं वेड लावलं’ म्हणतो, म्हणून काही कोणी खरंच वेडा होत नाही.

तुळसा तरी हलेना. “मास्तरांनू, मग माझ्या गाण्यान तो बुडलो नाय?”

मास्तरांना तिची खरी भीती आत्ता कळली. “वाऱ्यान बुडवल्यान त्याका, बाय. गाण्यान कोण बुडना नाय.”

पुढच्या रापणीला मास्तर स्वतः तारकर्लीला आले आणि सगळ्यांसमोर शब्दाचा अर्थ सांगून गेले. लवू मान खाली घालून म्हणाला, आपल्याला अर्धाच शब्द कळला होता. हळूहळू गिऱ्हाईक परतलं. पण तुळसाने गाणं टाकलं ते टाकलंच. ओठांवर सूर आला की ती आधी समुद्राकडे बघे आणि गप्प होई.

काही वर्षांनी लवूचं लग्न ठरलं. हळदीला पाटावर बसलेल्या लवूने सगळ्या बायकांदेखत तिला हाक मारली. “वयनी, तू गाणा म्हटल्याशिवाय माका हळद लावूक नुको.”

तुळसाने एक ओवी म्हटली आणि मध्येच थांबून एकेक चेहरा न्याहाळला. गोदूबाई नातवाला मांडीवर घेऊन ऐकत होती. जागचं कोणी हललं नाही. पदराचं टोक बोटांत पिळत तुळसाने दुसरी ओवी उचलली.