ताईच्या मनासाठी प्रार्थना

"दोन्ही किडन्या आकसल्या आहेत," सोनोग्राफीचा रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले. "हे आता उलटणार नाही."

त्याआधी काही महिने पायांवर सूज यायची, सकाळी मळमळायचं. मी ते ऑफिसच्या ताणावर ढकललं होतं. आजाराचं नाव क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडन्या हळूहळू कायमच्या निकामी होणं. लवकरच डायलिसिस सुरू झालं: यंत्रातून रक्त गाळून परत शरीरात सोडतात. पाणी मोजून प्यावं लागतं. घरी कोणी गटागटा पाणी प्यायलं की मी मान फिरवायचे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर चांदवडची मनीषा असायची. तिचा भाऊ तिला किडनी देणार होता.

"लय येडा हे तो," ती हसत सांगायची. "म्हणतो, लग्नात भांडी मागू नको, किडनीच आहेर समज."

मी हसायचे आणि आतून जळायचे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्यासाठी चर्चची अख्खी मंडळी उपास धरत होती, आणि भाऊ तिला मिळाला होता.

आमच्या घरी मम्मीला शुगर, पप्पांना हृदयाचा त्रास. फक्त माझ्या थोरल्या बहिणीचे, रिबेकाताईचे, रिपोर्ट जुळले. डोनरशी, म्हणजे किडनी देणाऱ्याशी, डॉक्टर एकांतात बोलतात. घरच्यांचा दबाव नाही ना, ते विचारतात. ताईलाही विचारलं. घरी जेवताना तिने सांगितलं.

"मी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, आपण घरी सांगू की तुम्ही फिट नाही. पण मला खोटं नको होतं. मला भीती वाटते. माझी मुलगी लहान आहे."

मम्मी ताटावरून उठली.

त्या आठवड्यात इंदिरानगरला आमच्या घरी प्रार्थनेची बैठक झाली. ताई चहा देत होती आणि तिच्यासमोरच सगळे डोळे मिटून मागत होते, "प्रभू, रिबेकाचं मन वळव." मीही मागितलं, सगळ्यांपेक्षा जोर लावून. पुढच्या प्रत्येक बैठकीत तेच. ताई सोफ्याच्या टोकाला बसायची आणि 'आमेन' म्हणायची नाही.

डायलिसिसच्या खुर्चीत विचार करायला भरपूर वेळ असतो. देव ताईचं मन वळवू शकतो, तर माझ्या किडन्याही वाचवू शकला असता. मग त्या त्याने बिघडू का दिल्या? आणि माणसाला मन त्यानेच मोकळं दिलं असेल, तर आम्ही त्याला काय करायला सांगत होतो? डॉक्टर दार लावून विचारत होते की हिच्यावर कोणाचा दबाव नाही ना. आम्ही देवालाच दबाव आणायला सांगत होतो.

मी सहसा बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी प्रार्थना सुरू व्हायच्या आधी बोलले.

"पास्टर अंकल, ताईचं नाव घेऊ नका."

"अगं, तुझ्यासाठीच मागतोय ना, बेटा!"

"तिचं मन वळवून मिळवलेली किडनी मला नको. तिची भीती कमी होऊ दे, एवढंच मागा. आणि देवाने मला हे का दिलं, ते तुम्ही सांगू शकाल?"

कोणाच्या तरी हातातला कप बशीवर वाजला. अंकलनी हातातलं बायबल मिटलं.

"नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही."

इतक्या दिवसांत मला मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर होतं. मम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ताईचं उत्तर अजून 'नाही' असंच आहे. माझं नाव प्रतीक्षायादीत आहे, म्हणजे मृत्यूनंतर कोणाचं अवयवदान झालं आणि जुळलं, तर मला किडनी मिळेल. मनीषाचं ऑपरेशन छान झालं. तिने फोटो पाठवला, त्यात ती उसाचा रस पीत होती. मी फोन पालथा ठेवला. हेवा गेलेला नाही. तुमच्यापैकी कोणी यातून जात असाल आणि घरातल्या कोणी नकार दिला, तर तुम्हालाही असा हेवा वाटेल. वाटू द्या. फक्त त्या माणसाला घरातून हाकलू नका.

आता डायलिसिसला ताई मला स्कूटरवरून नेते. पूर्वी ती हॉस्पिटलचं नाव काढलं की विषय बदलायची. काल सुया काढल्यावर ती आत आली, माझ्या हातावरचा कापूस दाबून धरला आणि रक्त थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मी तिला थांब म्हटलं नव्हतं.