शाहिराच्या नावाचे कडवे

मागच्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला, स्वारगेटजवळच्या एका छोट्या स्टुडिओत, मी स्वतः कापलेले कडवे रेकॉर्ड झाले. गाणाऱ्याने ते कधी पाहिलेही नव्हते. अठरा वर्षे मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. भुताखेतांचा मजकूर आला की केराच्या टोपलीत टाकत असे... म्हणून घडले तेवढेच लिहिते.

जुने पोवाडे चित्रे आणि संगीतासह नव्याने सांगणारी आमची एक व्हिडिओ मालिका आहे. संहिता माझी. कात्रजच्या सुशीलाबाईंनी वडिलांची, शाहीर तात्याबांची वही दिली होती. शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचे आणि गुरूचे नाव गुंफतो. वहीचा तिथला कोपरा फाटलेला. तात्याबांचे नाव शाबूत, गुरूचे गेलेले. ते काय होते, हे आम्ही कुणी विचारलेही नाही.

“शेवट उडवा,” निर्माता म्हणाला. “नावं कोण ऐकतं, मॅडम? तिथे आपला लोगो येतो.”

सुशीलाबाई समोरच होत्या. “बाकी काय बी कापा, ताई. बापाचा फोटो न्हाय, पाटी न्हाय. नाव तेवढं हाय.”

“आजी, क्रेडिटमध्ये ‘पारंपरिक’ लिहितोय ना!”

“परंपरेनं बसून लिवलं व्हय?”

मी कडवे कापले. वही त्याच दिवशी परत दिली. अजून संताप येतो – निर्मात्याचा कमी, माझा जास्त.

गायक ओंकार हिंजवडीत नोकरी करतो. त्याच्याकडे मी टाइप केलेली तीन पाने होती, बाकी काही नाही. तिसरे पान संपले, तो थांबला नाही. त्याच चालीत पुढचे कडवे आले – तात्याबांच्या नावासकट – आणि ‘गुरू कोंडिबा’वर संपले.

“फाजीलपणा नकोय!” निर्माता ओरडला. “कुणी दिलं तुला हे?”

“काय दिलं? पान संपलं तिथेच थांबलो मी.”

त्याला रेकॉर्डिंग ऐकवले. आवाज त्याचाच होता.

मी सुशीलाबाईंना फोन करून गुरूचे नाव विचारले.

“आत्ता इचारता व्हय?” त्या म्हणाल्या. “कोंडिबा.”

निर्मात्याने तेवढा भाग माझ्यासमोर डिलीट केला.

शुक्रवारी व्हिडिओ प्रसिद्ध झाला. शेवटी लोगो येतो. त्यावर ते कडवे पूर्ण ऐकू येते.