शुक्रवारचा उपास

परदेशातल्या कॅथलिक विद्यापीठातून मी सुट्टीत घरी, नरसीला आले, तेव्हा बॅगेत तिथल्या पोरांचा पेपर होता. ही जुन्या रीतीची पोरं विद्यापीठाचा हात न लागू देता तो काढायची. ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मांस वर्ज्य, तरी मेसमध्ये मटण शिजलं म्हणून त्यांनी पहिल्याच पानावर खुद्द कुलगुरू फादरांना झापलं होतं. हिंगोलीच्या कॉलेजात प्राचार्यांसमोर चप्पल वाजवायची आमची छाती नव्हती!

एकादशी न चुकवणाऱ्या आईला मी ते वाचून दाखवलं.

“पोरायनं म्हाताऱ्यायला उपास शिकवला? आन् त्यायनं ऐकलं?” आईनं पेपरला हात जोडले.

“व्हय. आता शुक्रवारी मासे असतात.”

“उपासाला मासे?” जोडलेले हात तसेच राहिले. मग म्हणाली, “मासे खाऊन एवढा दरारा! निर्जळी धरली असती तर विद्यापीठच हादरलं असतं.”