जाणाऱ्याचा नंबर

दोन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी मी औरंगपुऱ्यात कॉट शोधत हिंडत होतो. दोन खोल्या पाहून झाल्या होत्या. तिसरीत एक बनियनवरचा माणूस ड्रममध्ये पाइप धरून उभा होता. त्याची भरलेली बॅग दाराशी होती. त्याचीच कॉट आज रिकामी होणार होती.

मी गादी दाबून पाहिली, पंखा लावून पाहिला. पाइपवरची नजर न हलवता तो म्हणाला, "पंखा काय बघता सायेब? नळाला सहा दिवसांनी पाणी येतंय. इथं भरतं कोण, ते विचारा."

"कोण भरतं?"

"चौघांचे नंबर लावलेत. आज माझा हाये."

दुपारी त्याला लासूर स्टेशनला, गावी जायचं होतं. त्यातलं तांब्याभर पाणीही त्याला लागणार नव्हतं. तरी त्यानं ड्रम काठोकाठ भरला, चारही बादल्या भरल्या, झाकणं ठेवली, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला. मग शर्ट चढवत विचारलं, "घेता का?"

"घेतली," मी म्हणालो.

पुढचे सहा दिवस मी त्यानं भरलेल्या पाण्यानं आंघोळ केली. त्याचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.