वन्सं आणि तिकडची

आमच्या कारखान्यात माणसं पाचशे आणि त्या सगळ्यांच्या मिळून वन्सं एकच. झालं असं, की त्यांची भावजय त्यांच्याच विभागात कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांदेखत हाक मारली, "वन्सं, जरा सोल्यूशनचा डबा सरकवा." आठवडाभरात पहारेकरी, फिटर, भांडारातले आजोबा, सगळेच त्यांना वन्सं म्हणायला लागले. त्यांनीही हे नातं बिनतक्रार स्वीकारलं आणि नणंदेच्या हक्कानं पाचशे जणांना फैलावर घ्यायला सुरुवात केली.

मी तिथल्या कार्मिक विभागात कारकून. परदेशी मालकांनी कंपनी घेतली तेव्हा आमच्या दारावरची पाटी बदलून ‘व्यूहात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन’ अशी झाली. आत माझी खुर्ची मात्र तीच राहिली, एक पाय आखूड असलेली.

रक्तदाब मोजताना दंडाला जो पट्टा गुंडाळतात, त्याच्या आत रबरी पिशवी असते. त्या पिशवीच्या तोंडाशी सोल्यूशन लावून नळी चिकटवायची, हवा भरायची आणि पिशवी पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवायची. बुडबुडा आला की ती गळकी, टाका बाजूला. हे काम वन्सं आणि त्यांच्या हाताखालच्या तेरा जणी करायच्या. वन्संचं त्यात सव्विसावं वर्ष चालू होतं.

एक दिवस मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. हेच पट्टे मालकांच्या दुसऱ्या एका देशातल्या कारखान्यातही बनतात. वर्षभर दोन्हीकडचं काम ताडून बघणार. जिथे हजारामागे गळक्या पिशव्या कमी, तिथला विभाग राहणार, दुसरीकडचा बंद. चौदा बायकांना तिकडच्या चौदा बायकांशी झुंजवायचं आणि त्याला धोरण म्हणायचं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ती सूचना नीट टंकली, चारी बाजूंनी समास सोडला आणि फलकावर लावली. कारकुनाची चीड तेवढीच असते.

स्पर्धेआधी दोन्हीकडची एकेक अनुभवी बाई आठवडाभर मुख्य कार्यालयात प्रशिक्षणाला बोलावली होती. आमच्याकडून वन्सं गेल्या. परत आल्या त्या खुशीतच.

"तिकडची बाई मोठी कामाची आहे," त्या सांगत होत्या. "गळ्यात दोरीला कात्री बांधून फिरते. भाषा एकमेकींची ओ का ठो कळत नाही. पण तिची नळी तोंडाशी गळत होती. मी दाखवलं, चिकटवताना अर्धा पीळ दे. तिनं मला पिशवीची कड पुसायची रीत दाखवली. आपण उगीच रबरावरची पावडर घासत बसतो."

भावजयीच्या हातातली पिशवी खाली पडली. "वन्सं, तुम्ही तिला पीळ शिकवलात? आपला पीळ?"

"गळत होती गं."

"गळू द्यायची! तुमचे भाऊ दोन वर्षं घरी बसलेत. माझ्या पगारावर दोन पोरं शिकतायत. आणि तुम्ही आपलं काम तिच्या पदरात टाकून आलात?"

"तिच्याही मागे तेरा जणी आहेत. मी बोटांनी विचारलं, तिनं बोटांनी सांगितलं."

त्यानंतर महिनाभर भावजय घरी-दारी त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला मात्र वाढत होती, असं वन्संनीच मला सांगितलं.

आकडे येत गेले. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडे हजारी नऊ-दहा गळक्या होत्या. सहा महिन्यांत दोन्हीकडे चारवर आल्या, कधी आमच्या चार तर त्यांच्या पाच, कधी उलट. दर सोमवारी दोन्ही कारखान्यांची पडद्यावर बैठक असायची. साहेब लोक आलेख दाखवायचे आणि मागे उभ्या राहून या दोघी हातांनी बोलायच्या. तिकडची आता चक्क "वन्सं" अशी हाक मारायची. शब्दाचा अर्थ तिला कुणी सांगितला असेल, देव जाणे.

मग तिकडे कडाक्याची थंडी पडली आणि त्यांचा आकडा चारवरून अकरावर गेला. आमच्या विभागात आनंदीआनंद. वर्ष संपायला एकच महिना उरला होता. आमच्या साहेबांनी तर मला चहा पाजला.

पुढच्या सोमवारी तिकडचीनं गळकी पिशवी पडद्यासमोर धरली. चेहरा उतरलेला होता. वन्संनी नळीजवळची पांढरी रेघ पाहिली आणि ओळखलं, थंडीनं सोल्यूशन घट्ट होतंय. त्या आत जाऊन गरम पाण्याचं पातेलं घेऊन आल्या आणि सोल्यूशनचा डबा त्यात ठेवायला लागल्या. तेवढ्यात साहेबांनी पडदा बंद केला.

"वन्सं, बास झालं! तुम्ही आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देताय. महिनाभर गप्प राहिलात तरी हा विभाग वाचतोय."

"आणि पुढच्या वर्षी?" वन्संनी विचारलं. "पुढच्या वर्षी आणखी कुठल्या देशातल्या बायका आणून उभ्या करतील ते. दर वर्षी कुणाची तरी पिशवी गळावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसायचं का? सव्वीस वर्षं मी गळती बंद करतेय. दुसरं काही येत नाही मला. पडदा चालू करा."

साहेब हलले नाहीत. हलली ती भावजय. ट्रेमधले ओले हात पदराला पुसत ती पुढे आली.

"मला यांचं अजून पटलेलं नाही," ती साहेबांना म्हणाली. "पण वन्संना मधेच गप्प करायचं तर ते मी करीन. तुम्ही कोण?" आणि तिनं बटण दाबलं.

तिकडची अजून तिथेच उभी होती. वन्संनी डबा पातेल्यात ठेवून दाखवला. मी दाराशी होतो. मला रडू आलं, ते मी फाइलीआड लपवलं.

वर्ष संपलं तेव्हा दोन्हीकडे हजारी चार. मुख्य कार्यालयानं कळवलं, तुलना अनिर्णित, दोन्ही विभाग चालू ठेवावेत. साहेबांवर मात्र वरून ताशेरे आले, बायकांची ही देवाणघेवाण रोखली का नाही म्हणून. कुणाला तरी धरायलाच हवं होतं. त्यांनी माझ्याकडून एक कबुलीपत्र टंकून घेतलं आणि वन्संना बोलावलं. सही केली तर समज देऊन विषय संपणार होता, नाहीतर चौकशी आणि मग घर.

पत्रात लिहिलं होतं: ‘मी आपल्या कामाची पद्धत प्रतिस्पर्धी कारखान्यास दाखवली. ही माझी चूक झाली.’

वन्संनी ते दोनदा वाचलं. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. ‘प्रतिस्पर्धी’ खोडून वर ‘दुसऱ्या’ लिहिलं. दुसरं वाक्य अख्खंच्या अख्खं खोडलं. खाली सही केली.

"हे चालणार नाही," साहेब म्हणाले.

"खाडाखोड चांगली दिसत नाही, खरंय," वन्सं म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "नीट टंकून आण रे. दोन प्रती काढ. एक तिकडे पाठवायचीय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन टंकायला बसलो. प्रती तीन काढल्या. तिसरी फलकावर लावली, चारी बाजूंनी समास सोडून.