खुणेचं नाव

कर्णबधिर शाळांच्या अनुदानाला कात्री लावणारी खात्याची अर्थसंकल्पी मागणी विधानसभेत चर्चेविना मताला आली. सत्ताधारी बाकांवरून ‘होय’चा गजर झाला आणि त्याच क्षणी खात्याच्या मंत्र्यांनी मोठी जांभई दिली. पत्रकार कक्षातून ती आम्हाला दिसली, तशी प्रेक्षक कक्षातल्या रेखालाही दिसली. रेखाला ऐकू येत नाही. अशाच एका शाळेत ती शिकली, आता तिथेच शिकवते. तिने शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकांना हातांनी काही सांगितले, तसा सुरक्षारक्षक धावला.

“ताई, इथे बोलायला मनाई आहे.”

“दादा, एक शब्द तरी ऐकू आला का तुम्हाला?” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बाहेर त्यांनी मला उलगडून सांगितले. “आमच्यात प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव असतं. साहेबांचं आज ठरलं.” रेखाने आ वासून तोंडासमोर तळहात धरून दाखवला. “अनुदान गेलं, जूनपासून शाळेचं वसतिगृह बंद. मुलं घरी जातील, ते नाव गावोगाव नेतील.”

नको असलेला शब्द अध्यक्ष कामकाजातून काढून टाकतात. जांभईची तर नोंदही होत नाही. हे नाव मात्र कुणाच्याही आदेशाने पुसले जाणार नाही.

मतदान झाले त्याच महिन्यात मंत्री रेखाच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला आले. समोरच्या सगळ्या मुलांनी आ वासून तळहात तोंडाशी नेले. मंत्र्यांना तो नमस्कार वाटला. त्यांनी हसत तीच खूण परत केली.

त्या क्षणाच्या फोटोखाली काय लिहायचे, असे संपादकांनी विचारले. मी लिहून दिले: ‘मंत्रिमहोदय मुलांना आपले नाव सांगताना.’